गडाचं पोट: पन्हाळा, सामानगड आणि गडकऱ्यांची जमीन



पन्हाळ्याला कोण कोण गेलंय, असा प्रश्न कोल्हापुरात विचारण्यात अर्थ नाही. शाळेची सहल झालेली असते, पावसाळ्यातलं धुकं पाहिलेलं असतं, झुणका-भाकरी खाल्लेली असते. त्यामुळे आज मी तुम्हाला पन्हाळा 'दाखवणार' नाही. एकच जागा डोळ्यांसमोर आणा. अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची तीन कोठारं. त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असे, असं सांगितलं जातं. एक खंडी म्हणजे वीस मण. आपण आत जातो, जाड भिंती बघतो, वर कमानींकडे बघतो, "बापरे, केवढं धान्य!" म्हणतो आणि बाहेर येतो.

मला एवढंच विचारायचं आहे, की हे धान्य यायचं कुठून? गडावर २५ हजार खंडी काही पिकत नाही. ते खालून यायचं. मग कुणाच्या शेतातून? कुणाच्या पाठीवरून? आणि ज्याच्या शेतातून यायचं, त्याला बदल्यात काय मिळायचं?

गड म्हटलं की आपल्याला तट, बुरूज, तोफा आठवतात. पण गडाला पोट असतं, आणि ते पोट गडाच्या खाली असतं. हे नातं ज्या दिवशी कुणीतरी तोडायला घेतलं, त्या दिवशी कोल्हापूर संस्थानात बंड झालं. साल १८४४. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'गडकऱ्यांचा उठाव' म्हणून त्याची एक ओळ असते. आज त्या एका ओळीच्या आत जाऊ या. पण त्यासाठी सुरुवात थोडी मागून करावी लागेल.

भोज राजा आणि त्याच काळातला इंग्लंड

पन्हाळ्याची बांधणी आपण शिलाहार राजा दुसरा भोज याच्या नावावर मांडतो. त्याचा काळ साधारण ११७५ ते १२१२. विशाळगड, भुदरगड, सामानगड, बावड्याचा गगनगड असे एकूण पंधरा किल्ले त्याने बांधले, असं परंपरा सांगते. आकड्यावर वाद घालायचं कारण नाही. नकाशा बघितला तरी पुरे. कोकणातून वर येणारे घाट आणि त्या घाटांच्या माथ्यावर बसलेले हे गड. ज्याच्या हातात घाट, त्याच्या हातात जकात. ज्याच्या हातात जकात, त्याच्या हातात राज्य.

शिलाहारांचे शिलालेख आणि ताम्रपट कोल्हापूरच्या आसपास भरपूर सापडले. वा. वि. मिराशींनी ते एकत्र संपादित केले. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यांत लढाईपेक्षा जमीन जास्त आहे. अमुक गावातलं शेत, तमुक बाग, इतकं घर, इतकं उत्पन्न, अमक्याला दिलं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्य मंदिरात भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट आहे. तोही दानाचाच. घाटावरचा राजा समुद्राकाठच्या गावाचं उत्पन्न ब्राह्मणभोजनासाठी लावून देतो. राज्य म्हणजे काय, तर कुठल्या जमिनीचं उत्पन्न कुणाच्या ताटात जाणार, हे ठरवण्याचा अधिकार.

आता थोडं लांब जाऊ. का जातोय, ते पुढे कळेल.

भोजाच्या आधी शंभर वर्षं, १०६६ मध्ये, नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो. परका राजा, परकी भाषा, हाताशी थोडी माणसं. तो दोन कामं करतो. जागोजाग किल्ले उभे करतो. आधी मातीचा उंचवटा आणि लाकडाचा कोट, पुढे दगडाचे. दुसरं काम, सगळ्या जमिनीची मोजदाद. १०८६ ची ती नोंदवही 'डूम्सडे बुक' म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात एकक असतं 'मॅनर'. आपल्याकडची जहागीर आठवा, पण आकाराने बहुधा एखाद्या गावाएवढी. मालकाची घरची शेती, ती कसणारी बांधील कुळं, गिरणी, कुरण, जंगल, सगळं त्यात आलं.

या दोन कामांना जोडणारा दुवा म्हणजे किल्ल्याची राखण. सरदाराला जमीन मिळायची ती फुकट नाही. त्याने आणि त्याच्या हाताखालच्या स्वारांनी ठरलेले दिवस ठरलेल्या किल्ल्यावर पहारा द्यायचा. इंग्लंडच्या उत्तरेला रिचमंडचा किल्ला आहे, दक्षिणेला समुद्रावर डोव्हरचा. या किल्ल्यांवर कुणी कधी राहायचं, हे जमिनीच्या हक्काला बांधलेलं होतं. म्हणजे हा पहारेकरी पगारी नव्हता. त्याचा पगार खाली शेतात उभा होता.

भोजाचा शेवट देवगिरीच्या यादवांनी केला. सिंघण यादवाने त्याला पन्हाळ्यावर हरवलं. यादवांच्या लेखात भोजाला पन्हाळ्यावर राहणारा साप आणि सिंघणाला गरुड म्हटलं आहे. हे साधारण १२१२ च्या सुमाराचं. तिकडे १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी राजा जॉनकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला. त्यातलं २९ वं कलम किल्ल्याच्या राखणीचं आहे. कलमाचा मथितार्थ असा, की स्वार स्वतः पहारा द्यायला तयार असेल, तर किल्लेदाराने त्याच्याकडून पहाऱ्याऐवजी जबरदस्तीने पैसे घेऊ नयेत.

हे कलम मला फार बोलकं वाटतं. वरवर बघितलं तर प्रश्न पडेल, की पैसे देऊन सुटका होत असेल तर ते बरंच की! पण नाही. स्वाराला कळत होतं, की पहारा हे ओझं आहे, पण तोच जमिनीवरचा हक्कही आहे. उद्या राजा म्हणाला, "तुझा पहारा नको, पैसे दे", तर परवा तो म्हणेल, "तुझ्याजवळ जमीन तरी कशाला?" ही भीती लक्षात ठेवा. ती आपल्याला सहाशे वर्षांनी सामानगडावर भेटणार आहे.

गड चालवणारी दोन तऱ्हेची माणसं

पन्हाळा यादवांकडून बहमनींकडे, मग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज आपण जो पन्हाळा बघतो, त्यातलं बरंचसं रूप आदिलशाहीतलं. २८ नोव्हेंबर १६५९ ला, अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरने वेढा घातला. मार्चपासून जुलैपर्यंत. बाजीप्रभू, शिवा काशीद, घोडखिंड, हे मी तुम्हाला सांगायला नको. मला त्यातला एकच आकडा घ्यायचा आहे: चार महिने. वेढ्यात चार महिने गड तगतो, याचा अर्थ वर पाणी आहे, वर धान्य आहे, आणि वर टिकून राहणारी माणसं आहेत.

त्यानंतर गड विजापूरकरांना द्यावा लागला. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने साठ माणसांनिशी तो परत घेतला.

स्वराज्यातला गड कोण चालवायचं? सभासद बखरीत, आज्ञापत्रात ही व्यवस्था दिसते. वर हवालदार, त्याच्याकडे गडाच्या किल्ल्या. सरनोबत, त्याच्याकडे शिबंदी. सबनीस, त्याच्याकडे हजेरी आणि दप्तर. कारखानीस, त्याच्याकडे धान्य, दारूगोळा, सामान यांचा हिशेब. कुणा एकाच्या हातात सगळा गड नाही. या वरच्या लोकांना वेतन, आणि त्यांच्या बदल्याही होत. वंशपरंपरेने गड एकाच घराकडे गेला, की तो घरचा होतो, राजाचा राहत नाही, हे महाराजांनी विजापूर दरबारात जवळून बघितलं होतं.

पण खाली, गडाच्या घेऱ्यात, गणित वेगळं होतं. रानवाटा राखणारे, मेटावर बसणारे, रात्री तटाखाली फिरणारे बेरड, रामोशी, महार, मांग, आणि शिबंदीतले मराठे, कुणबी. यांची बदली करून कसं चालेल? कुठल्या ओढ्यातून माणूस चढू शकतो, कुठल्या कड्यावर घोरपड चिकटते, हे ज्याला लहानपणापासून माहीत, तोच तिथे उपयोगाचा. म्हणून त्यांना गडाखाली जमिनी. बाप गेला की मुलगा चाकरीवर, आणि जमीनही मुलाकडे. हेच गडकरी.

ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी. सातारला राहिला, आणि १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून आला. या गडकऱ्यांबद्दल तो नोंदवतो, की गड म्हणजे आपल्याला पोसणारी आई, असं ही माणसं मानत. आपण हे वाक्य भावनेच्या अंगाने घेतो. ते आहेच. पण ते अर्थशास्त्रही आहे. गड राहिला तर जमीन राहते, जमीन राहिली तर चूल पेटते. आई म्हणायला याहून वेगळं कारण लागत नाही.

१७१५ च्या सुमाराला, म्हणजे कोल्हापूरची गादी वेगळी झाल्यावर, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण तुम्ही जरूर वाचा. त्यात शौर्याच्या गप्पा कमी आणि घरसंसार जास्त आहे. पाणी नसेल तिथे गड बांधू नये, बांधावाच लागला तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी झाडं लावावीत, वाढवावीत, कारण अडचणीच्या वेळी लाकूड लागतं. गडावरचा केरकचरा जाळून त्याची राख परसात टाकावी, भाजी पिकवावी. राज्याचा अमात्य केरकचऱ्यापर्यंत येतो! कारण त्याला माहीत आहे, की गड तोफेने पडण्याआधी उपाशी पडतो.

अमात्य स्वतः बावड्याचे जहागीरदार. कोल्हापूर राज्यातल्या मोठ्या जहागिऱ्यांची रचना बघा. विशाळगड प्रतिनिधींकडे, बावडा अमात्यांकडे. जहागिरीचं नावच गडावरून. मघाशी मी जो मॅनर आणि किल्ला सांगितला, त्याच्या सर्वांत जवळ जाणारं आपल्याकडचं चित्र हेच. फरक आहेतच. आपल्याकडे पाटील-कुलकर्णी आणि बलुतं यांचा गावगाडा जहागीरदाराच्या आधीपासून होता, आणि जहागीरदार गेला तरी राहिला. पण वर गड, खाली गाव, आणि दोघांना बांधणारी जमीन, हा सांगाडा तोच.

१८४४: दप्तर हलतं आणि दरवाजे बंद होतात

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली १७८२ ला. मराठेशाही बुडाली १८१८ ला. कोल्हापूर संस्थान म्हणून राहिलं, पण १८२६ ते १८२९ या काळातल्या तहांनी फौज कमी झाली, हात बांधले गेले. १८३८ मध्ये बुवासाहेब महाराज वारले. गादीवर आले बाबासाहेब महाराज, वयाने लहान. कारभार राणीसाहेबांकडे, मग दरबारात तट. शेवटी कंपनी सरकारने आपला माणूस कारभारी म्हणून बसवला: दाजी कृष्ण पंडित.

दाजी पंडितांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून बघा. संस्थान कर्जात, हिशेब विस्कळीत, आणि वरून कंपनीचं सारखं टुमणं, की कारभार सुधारा. कारभार सुधारायचा म्हणजे काय? इंग्रजांचा नमुना समोर होता. प्रत्येक तालुक्याला मामलेदार, त्याच्याकडे सगळ्या जमिनीचा हिशेब. मग मामलेदाराच्या वहीबाहेर कुठली जमीन राहते? गडकऱ्यांची. ती गडाच्या दप्तरात. तर तीही मामलेदाराकडे आणा. कागदावर बघितलं तर अगदी साधी गोष्ट. एका कचेरीतली वही दुसऱ्या कचेरीत नेली.

पण गडकऱ्याने ती कशी वाचली? आजवर माझी जमीन गडाची होती, कारण मी गडाचा होतो. आता ती तालुक्याची झाली. म्हणजे मी कुणाचा? आज वही गेली, उद्या सारा बसेल, परवा जमीन जाईल. मॅग्ना कार्टातल्या त्या स्वाराची भीती आठवली?

जुलै १८४४. गडहिंग्लजजवळच्या सामानगडाच्या शिबंदीने दरवाजे बंद केले.

सामानगड पन्हाळ्याएवढा मोठा नाही. पण तिथे गेलात तर खडकात खोल उतरत गेलेल्या कमानींच्या विहिरी बघा. पाण्याची एवढी तजवीज केलेला गड कमी बघायला मिळतो. सामान, रसद ठेवायचा गड म्हणून सामानगड, असं लोक नाव उलगडून सांगतात. रसदीचा गड पहिल्यांदा पेटला, हा योगायोग म्हणा.

बेळगावहून फौज आली. पहिल्यांदा तिला काही साधलं नाही. मग भुदरगडच्या गडकऱ्यांनीही तेच केलं. बंड गडांवरून खाली कोल्हापुरात आलं. बाबाजी आहिरेकर हे नाव पुढे आलं. दाजी पंडितांना कैद झाली. कंपनीला मोठं सैन्य आणावं लागलं. जनरल डेलामोटच्या हाताखालच्या फौजेने १३ ऑक्टोबरला सामानगड सर केला. नोव्हेंबरमध्ये भुदरगड गेला. आहिरेकर पन्हाळ्यावर आले.

पन्हाळ्यावर तोवर आणखी एक प्रकार घडला होता. कर्नल ओव्हान्स, सातारचा रेसिडेंट, प्रवासात असताना त्याला पकडून गडावर नेलं होतं. ओव्हान्स म्हणजे सातारच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्याच्या प्रकरणातलं प्रमुख नाव. ते १८३९ चं. पाच वर्षांनी तोच माणूस पन्हाळ्यावर कैदी!

१ डिसेंबर १८४४ ला पन्हाळ्यावर हल्ला झाला. त्याच दिवशी गड पडला. शेजारचा पावनगडही पडला. बाबाजी आहिरेकर मारले गेले.

१६६० मध्ये याच गडाने चार महिने तग धरला होता. १८४४ मध्ये एक दिवस. का? पहिलं उत्तर सरळ आहे, तोफा बदलल्या होत्या. ते खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण १६६० मध्ये गडाबाहेर राज्य होतं. नेताजी पालकर बाहेर होते, विशाळगड आपल्याकडे होता, सुटून जायला जागा होती. १८४४ मध्ये गडाबाहेर काही उरलेलंच नव्हतं. खालच्या गावांचा वसूल दुसऱ्याच्या वहीत, राजा वयाने लहान, सगळीकडे कंपनीचं सैन्य. पोट आधीच तुटलं होतं, नुसतं डोकं लढत होतं.

नंतर काय झालं, ते आपल्याला रोज दिसतं. पन्हाळ्याचा चार दरवाजा आज कुठे आहे? तो पाडला. गड निकामी केले. गडकऱ्यांची वंशपरंपरेची चाकरी बंद झाली. संस्थानाचा कारभार कंपनीने आपल्या अधिकाऱ्याच्या हातात घेतला. विशाळगडच्या प्रतिनिधींचं ठाणंही गडावरून खाली मलकापूरला आलं. वर राहण्यात अर्थ उरला नव्हता.

चाकरी जाते तेव्हा जमीन कुणाची?

१६६० हे साल आपल्याला पावनखिंडीमुळे पाठ आहे. त्याच १६६० मध्ये इंग्लंडच्या संसदेने एक कायदा करून जमिनीच्या बदल्यातली लष्करी चाकरी कायमची रद्द केली. किल्ल्याची राखण त्याआधीच बहुतेक ठिकाणी कागदावर, नुसत्या पैशाच्या रूपाने उरली होती. कायद्याने ती संपली. पण जमिनी कुणाकडे राहिल्या? ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडेच. चाकरी गेली, जमीन राहिली. कारण कायदा करणारे तेच जमीनदार होते. त्यांच्या खालच्या कुळांच्या जुन्या बांधिलक्या मात्र तशाच चालू राहिल्या, त्या संपायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आपल्याकडे १८४४ मध्ये चाकरी गेली, आणि जमिनीवरचा हक्क ज्या चाकरीवर उभा होता, तो आधारच निघाला. ठरवणारे गडकरी नव्हते. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

तर आज माझं सांगणं एवढंच. जुनी व्यवस्था मोडावी लागते. पण मोडताना एक प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागतो, की जो माणूस या व्यवस्थेवर जगतो, त्याच्या नावावर उद्या काय राहणार? हा प्रश्न न विचारता नुसती वही हलवली, तर गडाचे दरवाजे बंद होतात.



श्रोत्यांच्या प्रश्नांतून

प्रश्न: तुम्ही गडकऱ्यांची बाजू घेतली. पण चाकरीच्या बदल्यात जमीन ही पद्धत तरी न्याय्य होती का? त्यात वेठबिगार होती, जात होती.

उत्तर: अगदी बरोबर विचारलंत. हे मी बोलताना पुरेसं मांडलं नाही. अंबरखान्यातलं धान्य वर चढवणारी पाठ कुणाची होती, हा प्रश्न मीच सुरुवातीला टाकला आणि पुढे सोडून दिला. चाकरीची जमीन ही हक्कही होती आणि बेडीही. घेऱ्यात राखण करणाऱ्या महार-मांगांच्या हातात जमीन असली, तरी तिच्यापायी पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्याही हाकेला धावावं लागे. म्हणून महार वतन मोडायला हवं होतं, यात शंका नाही. आणि ते मोडलं कोल्हापुरातच, छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये. पण मोडलं कसं, ते बघा. चाकरीची सक्ती काढली आणि जमिनी रयताव्याने त्या लोकांच्या नावे करून दिल्या. बेडी काढली, जमीन ठेवली. त्याच वर्षी कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. १८४४ आणि १९१८ ही दोन्ही 'सुधारणाच'. एकाच संस्थानातल्या. दुसरीत खालच्या माणसाचा विचार आधी केलेला होता. मला फरक दाखवायचा होता तो हाच. तुमच्या प्रश्नामुळे तो नीट सांगता आला.

प्रश्न: पन्हाळा आता जागतिक वारसा झाला. त्याचा या विषयाशी काही संबंध लावता येईल का?

उत्तर: येईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची यादी जाहीर केली, त्यात पन्हाळा आहे. आनंदाचीच गोष्ट. पण पन्हाळा हा नुसता अवशेष नाही. तिथे नगरपरिषद आहे, शाळा आहे, घरं आहेत, भाकरी करून विकणाऱ्या बायका आहेत. यादीची चर्चा चालू होती तेव्हा तिथल्या रहिवाशांनी काळजी बोलून दाखवली होती, की आमच्या घरांचं काय, दुरुस्तीला परवानगी मिळणार का, धंद्याचं काय. काही लोक त्यांच्यावर चिडले. इतिहासाच्या आड येता म्हणाले. मला ती काळजी ऐकल्यावर सामानगड आठवला. वारसा जपायलाच हवा, तटाचा एकही चिरा हलता कामा नये. पण गड ज्यांना आजही पोसतो, त्यांना बोलावून, समोर बसवून, वही त्यांच्यादेखत उघडावी. गडाचा इतिहास त्यांच्याविरुद्ध नाही. गडाच्या इतिहासातला मोठा भाग त्यांच्यासारख्यांचाच आहे.

पुढच्या वेळी अंबरखान्यात गेलात, तर वर कमानींकडे बघून झाल्यावर दारात उभे राहा आणि खाली पसरलेल्या शेतांकडेही बघा. कोठाराची दुसरी बाजू तिथे आहे.